चांदीचं पाणी आणि गोबरगॅस

माझ्या मोज्यांना वास येतो, हे मी मान्य करतो. (आमच्या हिने ते अर्ध्या हसनाबादला सांगितलेलं आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.) जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत मी कारकून आहे. दिवसभर पायात बूट, वर मोटारसायकलवर येणं-जाणं. शेवटी एक दिवस गेटवर टेम्पो लावून 'नॅनो चांदी' विकणाऱ्या माणसाकडून मी एक बाटली घेतली. चांदीचे कण इतके बारीक की डोळ्याला दिसतच नाहीत. बादलीत दोन झाकणं टाकायची, मोजे बुडवायचे, महिनाभर वास नाही.

दोन झाकणांत महिना, तर अख्ख्या बाटलीत जन्म निघेल, असा विचार करून मी बाटली उपडी केली. मोजे काढले. उरलं बादलीभर पाणी. आमच्याकडे पाणी फेकायची कुणाची छाती होत नाही. साबणाचं पाणी शेणात घालायचं नाही अशी दैवशालाची, म्हणजे हिची, सक्त ताकीद. पण यात साबण कुठे होता? चांदी होती! चांदीच्या वाटीतून तर बाळाला पाजतात. मी बादली गोबरगॅसच्या हौदात शेणावर ओतली, कालवली, आत सोडली आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

चौथ्या दिवशी शेगडीची ज्योत करंगळीएवढी झाली. सहाव्या दिवशी विझली.

"शेण तर बराबर घातलं व्हतं," दैवशाला माझ्याकडे बघत म्हणाली. "गाईला काई झालं का काय?"

"हवा बदलली असंल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या तृप्तीला गाठलं. म्हटलं, माझ्या एका मित्राने असं असं केलं.

"बद्रीकाका, तुमच्या मित्राला सांगा, चांदी वास मारत न्हाई. वास करणारे जंतू मारती. अन् गोबरगॅस जंतूच बनवतात. त्यानं सगळे कामगारच मारून टाकले."

"पण ते कण तळाशी बसतील ना?"

"काही बसतील. काही एकमेकांना चिकटून गोळा होतील. शेणातल्या गंधकानं काही काळे पडतील, पैंजण पडतं तसे. मंग त्यांचा जोर जातो. बाकीचे स्लरीसंगं मातीत. मातीतून मुळात, गांडुळात, पाण्यात. किती लांब जातात, हे अजून कुणालाच बराबर सांगता येत न्हाई."

स्लरी म्हणजे गॅस निघाल्यावर बाहेर पडणारं पातळ शेण. आमच्याकडे ती थेट मेथीच्या वाफ्यात जाते. आणि ती मेथी माझी लेक प्रियदर्शनी रोज खाते. बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा महिना चालू आहे.

(मोज्यांचा वास गेला होता खरा, पण आता घाम सगळ्या अंगाला सुटला होता.) साप दिसतो, विंचू दिसतो, निदान काठी तरी उचलता येते. हे तर दिसतच नव्हतं. घरी आल्यावर पाण्याचा पेला उजेडात धरून पाहिला. पाणी एकदम स्वच्छ होतं, म्हणून जास्तच भ्यालो.

हिला सांगायची हिंमत होईना. मग माझे हात भीतीने आपोआप कामाला लागले. पहाटे उठून मी चूल पेटवायला लागलो. वाफ्याकडे कुणी फिरकू नये म्हणून भाजी बाजारातून आणली, निवडली, फोडणीला टाकली. भाकरी थापली. भांडी घासली. हात चालू असले की डोक्यात ते कण जरा कमी फिरत.

"बाबांना काय झालं?" लेकीने विचारलं.

"वय," दैवशाला म्हणाली.

बाराव्या दिवशी कामावरून आलो तर प्रियाच्या ताटात मेथी! मी बुटासकट स्वयंपाकघरात धावलो आणि ताट ओढलं.

"थुंक! जल्दी थुंक, प्रिया!"

आणि मग बाटली, बादली, हौद, सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "बाळाला काही झालं तर मी काय करू?" म्हणून मी चक्क रडलो. खरंच रडलो.

प्रिया घास चावत राहिली. दैवशालाने माझ्या हातून ताट काढून तिच्यापुढे ठेवलं.

"मेथी शेजारच्या तुळजाबाईच्या वावरातली हाय. तुम्ही बादली वतली ते मी पाह्यलं व्हतं. पळत आले, तवर सगळं आत गेल्तं. प्रियानं बाटलीवरचं वाचून तुमच्या तृप्तीला फोन लावला. त्याच दिवशी मी स्लरीचा पाट वाफ्याकडून तोडला अन् ताडपत्री हातरून खड्ड्यात वळवला."

"म्हणजे तृप्तीला मित्र कोण ते माहीत होतं?"

"पुऱ्या कंपनीला माहीत हाय."

मी खालीच बसलो. लेक सुखरूप होती, बाळ सुखरूप होतं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. (हे मी मनातच म्हणालो.) खड्ड्यातल्या त्या काळ्या पाण्याचं पुढे काय करायचं, ते अजून तृप्तीलाही ठाऊक नाही, आणि तिकडे बघायला मी आजही घाबरतो.

"मंग मला सांगितलं का न्हाई? इतके दिवस मी मरून राह्यलो!"

"सांगणार व्हते. पन तुम्ही चूल पेटवली. मंग भाजी केली, भाकरी केली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हनलं, भिऊ द्या अजून चार दिवस." तिने शेगडीची चावी फिरवून काडी लावली. बारीकशी निळी ज्योत उठली. "गॅस तर परवाच आला."

"बाबा," प्रिया माझी भाकरी मोडत म्हणाली, "गॅस आला म्हणून स्वयंपाक बंद नका करू हं. आता कुठं भाकरी खायच्या लायक होऊन राह्यली."