कान न कोरणारा न्हावी

आमच्या कळस गावचे न्हावी रामूतात्या दाढी करायचे, डोकं भादरायचे, मिशा कातरायचे, अंग रगडून द्यायचे. फक्त कानाला कोरणी लावायचे नाहीत. इतर गावांत दाढी झाली की न्हावी न सांगता गिऱ्हाइकाचा कान धरतो आणि मळ काढून देतो. कान तात्याही धरायचे. पण आत नुसतं डोकवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "आत कारभार चालू हाय. हात घालू नगा."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही म्हटल्यावर कारण सांगायची त्यांना खोड होती, आणि कारण लांबलचक असायचं. एका गालाला साबण, दुसरा गाल तासलेला, अशा माणसाला उठून जाता येत नाही. तात्या वस्तरा हवेत धरून बोलत राहायचे.

त्यांचं म्हणणं असं. बाहेर दिसतो तो कान नव्हेच, ते नुसतं सूप. आवाज गोळा करून आत लोटायचा, एवढंच त्याचं काम. आत एक वाकडी बोळ. तिच्या तोंडाशी केस आणि मळ राखणीला बसलेले, धूळ आली, चिलट आलं की तिथंच धरायला. मला म्हणायचे, "मळ म्हंजी घाण न्हवं, बापूराव. रखवालदार हाय त्यो. म्हातारा झाला की आपल्या पायानं दाराशी येतो. त्येला आतनं वढून काडणारं तुमी कोण?" बोळीच्या शेवटाला पडदा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ आणि डफासारखा ताणलेला. त्याच्या पलीकडं एकाला एक टेकलेली तीन हाडं, त्यातलं धाकटं तर जोंधळ्याच्या दाण्याएवढं. पडदा हलला की पहिलं दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं एका गोगलगाईचं दार ठोठावतं. गोगलगाईत पाणी, पाण्यात केस. वाऱ्यानं जोंधळ्याचं रान हलावं तसे ते केस हलतात आणि मेंदूला वर्दी जाते की बाहेर कुणीतरी बोलतंय.

हे सगळं त्यांनी बारामतीला एका डॉक्टरकडं पाहिलं होतं. त्या डॉक्टरकडं म्हणे भोपळ्याएवढा मातीचा कान होता, फोडीफोडीनं सुटा होणारा. वस्तरा पाजळायला बारामतीला गेलो आणि तेवढा कान बघून आलो, असं तात्या सांगायचे. वस्तरा पाजळायला दवाखान्यात कशाला गेले, हे कुणी विचारलं नाही. तोवर आम्हाला ऐकून ऐकून वीट आला होता.

दगडू पैलवानानं एकदा वाद घातला. कान ऐकण्यापुरता असतो, म्हणाला, उगीच त्याचं माहात्म्य वाढवू नका. तात्या म्हणाले, माणसाचा तोलही तिथंच असतो, गोगलगाईच्या शेजारी पाण्याच्या तीन कड्या असतात. पैलवान हसला. तात्यांनी त्याला डोळे मिटून बारा गिरक्या घ्यायला लावल्या आणि सरळ चालायला सांगितलं. पैलवान चार पावलं चालला आणि पाचवं बैलांच्या हौदात टाकलं.

"मी न्हाय पाडलं," तात्या साबण फेसाळत म्हणाले. "आतलं पाणी अजून फिरतंय. तुजा तुलाच कान पाडतोय."

ही एकोणीसशे तीस-पस्तीसच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीत होतो. मळणीच्या दिवसांत भुसकट जाऊन माझा उजवा कान असा खाजायला लागला की जेवण सुचेना. तात्यांना म्हटलं, कोरा. ते म्हणाले, बारामतीला डॉक्टरला दाखवा. माझी शाळा दुसरीत सुटली होती, पण हक्क कशाला म्हणतात ते मला कळत होतं. दर वर्षी खळ्यावर न्हाव्याच्या बलुत्याचं धान्य घालायचं, आणि कान घेऊन बारामतीला जायचं? मी ते चावडीवर नेलं. मी बोललोही असा की आवाज वेशीपर्यंत गेला. ठरलं, की येत्या सोमवारपासून तात्यांनी कान कोरायचे, नाहीतर बलुतं बंद आणि शेजारच्या वरकुटे गावचा न्हावी आणायचा. तात्यांना वावभर जमीन नव्हती. बलुतं बंद म्हणजे चूल बंद. तक्रार माझी, म्हणून निरोपही मीच न्यायचा ठरला. मी ताठ मानेनं निघालो.

तात्यांच्या बायकोला, गोदाकाकूंना, ऐकू येत नव्हतं. तापात कान गेले, एवढं गावाला ठाऊक होतं. गाव त्यांच्याशी ओरडून बोलायचं आणि त्या मात्र पुटपुटल्यासारखं हळू उत्तर द्यायच्या. मी गेलो तेव्हा त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. तात्या मागं बसले होते, तोंड त्यांच्या कानामागच्या हाडाला टेकवून. पाटलांच्या म्हशीनं पाटलांचं धोतर कसं खाल्लं ते साध्या आवाजात सांगत होते. काकू हसत होत्या.

मला बघून तात्या म्हणाले, "हाडातनं जातंय. पडदं गेलं, पर गोगलगाय जित्ती हाय."

मी म्हटलं, तापाचा डॉक्टरनं इलाज केला नाही का?

"ताप गावाला सांगितला," तात्या म्हणाले. "नवं लगीन हुतं, मला हाताचा गर्व हुता. हौसंनं हिचं कान कोरलं आन् खोल गेलो. दोनी कानात. मग पडदा सांधावा म्हणून लसणीचं तेल वतलं. तिला घशात लसणीची चव लागली, तवा कळलं, पडद्याची भितच पडली, त्याल कानातनं घशात उतरतंय."

काकूंनी बारीक आवाजात विचारलं, "काय म्हणत्यात?"

मी निरोप सांगितला. चावडीवर बोललो होतो त्याच्या निम्म्या आवाजात. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वाकून हाडाला तोंड लावलं. "बापूराव म्हणत्यात, गावाला माजं काम पसंत हाय."

काकूंनी माझ्याकडं बघून हात जोडले.

चावडीवर सगळे वाट बघत बसले होते. पाटलांनी विचारलं, काय म्हणाला न्हावी? मी म्हटलं, कान कोरायचे नाहीत आणि बलुतंही बंद करायचं नाही. ते म्हणाले, तूच तर तक्रार आणली होतीस. मी म्हटलं, आणली होती, आता परत नेतोय. कारण विचारलं. कारण काय सांगणार? दिवेलागण होईपर्यंत मी नुसता नाही म्हणत राहिलो.

शेवटी पाटील म्हणाले, "बापू, तुज्या नादी लागण्यापरास खाजल्याला कान बरा." आणि लोक उठले.

तात्या गेले, काकू गेल्या, तोवर मी कुणाला काही बोललो नाही. गाव मला हेकट म्हणायला लागलं ते त्या संध्याकाळपासून. मी म्हणू दिलं.