सासरेबुवांचं घोडदळ

दाताच्या डॉक्टरांनी शनिवारी मास्तरांची अक्कलदाढ काढली आणि स्वतःच्या रविवारची वाट लावून घेतली. हे त्यांना तेव्हा कळलं नाही. कळलं ते पंतांना, पण पंत घोडा असल्यामुळे त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

पंत म्हणजे घोडेस्वारीच्या शाळेतला सगळ्यांत जुना घोडा. रंग तपकिरी, पोट सुटलेलं आणि चेहरा निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्कचा, म्हणून मास्तरांनी नाव ठेवलं पंत. शाळेची पद्धत साधी होती. मास्तर रिंगणाच्या मधोमध उभे राहून आज्ञा सोडणार, स्वार घोड्याला टाच लावणार आणि टाच लागली की घोडा निघणार. यातली मधली पायरी पंतांनी फार पूर्वीच रद्द करून टाकली होती. शिकाऊ माणसाची टाच बरगडीला लागते, खोगिराला लागते, कधी दुसऱ्या पायाच्या बुटाला लागते. तिची वाट बघत कोण बसणार? मास्तर "चाल" म्हणाले की पंत चालत. "दुडकी" म्हणाले की दुडकत. "थांब" म्हणाले की खांबासारखे उभे राहत. तास संपला की मास्तर "सलामी" म्हणत. मग पंत पुढचा एक पाय दुमडून खाली वाकत आणि कुंपणापलीकडे उभे असलेले नातेवाईक टाळ्या वाजवत. "चौखूर" ही आज्ञाही पंतांना पाठ होती, पण शिकाऊ माणसांसमोर मास्तर तो शब्द तोंडातूनसुद्धा काढत नसत.

डॉक्टर स्वारी शिकायला येऊ लागून दोन-तीन महिने झाले होते आणि आपण जन्मजात स्वार आहोत याबद्दल त्यांची खात्री पटली होती.

"मास्तर, मी नुसतं मनात आणतो आणि हा करतो!" ते म्हणायचे. "टाच लावायचीसुद्धा गरज पडत नाही."

"हो ना," मास्तर खोकत म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे.

पंतांचा डॉक्टरांवर राग नव्हता. राग होता तो पाटीवर. पूर्वी जो तो जाताना पंतांच्या ओठांशी साखरेचा एखादा खडा धरायचा. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात पंतांच्या तोंडात बॅटरी मारून बघितली, च्च च्च केलं आणि तबेल्याच्या दारावर पाटी ठोकली : 'घोड्यास साखर देऊ नये. दात किडतात.' तेव्हापासून नुसतं गाजर. पंतांनी त्या पाटीकडे रोज बघितलं आणि रोज मनात काहीतरी म्हटलं.

आता मुद्द्याचं म्हणजे डॉक्टरांचे सासरे. सासरेबुवांची सगळी हयात घोडदळात गेली होती. निदान ते तसं सांगत, आणि जेवताना, गाडीत, दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असतानासुद्धा सांगत. लग्न ठरलं तेव्हा ते जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले होते, "दात काढता? बरं. घोड्यावर मात्र बसला नसाल कधी." तो 'बरं' डॉक्टरांच्या मनात इतकी वर्षं कुसळासारखा टोचत होता. म्हणून तर हा खटाटोप. या रविवारी सासरेबुवा शाळेत येऊन जावयाची स्वारी बघणार होते, आणि तो 'बरं' एकदाचा परत घेणार होते.

शुक्रवारी मास्तरांचा गाल भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर हळहळले. "माझ्यासाठी घसा फोडता तुम्ही, मी तुम्हाला असं तळमळत ठेवीन का? उद्या या, काढून टाकतो." त्यांनी दाढ मनापासून काढली. रविवारी मास्तर रिंगणाशी हजर झाले ते तोंडात कापसाचे बोळे कोंबूनच.

"बोलायचं अजिबात नाही हं," डॉक्टरांनी बजावलं. "टाका उसवेल."

मास्तरांनी पंतांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग डॉक्टरांकडे, आणि जोरजोरात मान हलवली.

"काळजी करू नका, मास्तर. मला आता आज्ञा लागत नाहीत," असं म्हणून डॉक्टर खोगिरावर चढले.

पंत उभे राहिले. डॉक्टरांनी मनात आणलं. पंत उभे. डॉक्टरांनी आणखी जोर लावून मनात आणलं, मग टाच लावली, ती स्वतःच्याच बुटाला लागली. कुंपणापलीकडे खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे सासरेबुवा कडक इस्त्रीच्या शर्टात बसले होते. शेजारी डॉक्टरांची बायको होती. त्या पहिलीच्या वर्गाच्या बाई होत्या आणि कोण कुणाचं ऐकतं, कुणाचं ऐकत नाही, यात त्यांचं आयुष्य चाललं होतं.

"सुरू कधी करणार?" सासरेबुवांनी विचारलं.

"घोडा... विचार करतोय," डॉक्टर म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

पंत विचार वगैरे काही करत नव्हते. आज्ञा नाही तर काम नाही, हा त्यांच्या नोकरीचा नियमच होता. शिवाय त्यांना पाटी आठवत होती.

सासरेबुवा कंटाळले. कंटाळले की ते गोष्ट सांगत. आणि आज त्यांना हवा तसा श्रोता मिळाला होता, ज्याला मध्ये तोंडच उघडता येणार नाही. त्यांनी खुर्ची फिरवून रिंगणाकडे पाठ केली, मास्तरांना समोर बसवलं आणि गडगडाटी आवाजात सुरुवात केली.

"असंच मोठं मैदान होतं, मास्तर! समोर मोठमोठे पाहुणे, सगळं पथक रांगेत. आवाज घुमला, चाल!"

पंतांचे कान ताठ झाले. आवाज परका होता, पण काय आवाज! मास्तरांच्या आवाजापेक्षा दुप्पट भारदस्त. पंत चालू लागले.

"बघितलंत?" डॉक्टर ओरडले. "निघाला!"

"मध्ये बोलू नका," सासरेबुवा मागे न बघता म्हणाले. "तर मास्तर, पथक निघालं. मग काय, दुडकी!"

पंत दुडकू लागले. डॉक्टरांचा चेहरा फुलला. बायकोकडे बघून त्यांनी एक हात सोडून हलवला. मास्तरांनी मात्र परिस्थिती ओळखली होती. ते उठून "उं! उं!" करत सासरेबुवांच्या तोंडावर हात ठेवायला गेले.

"रंगात आलात ना? कुणीही येतं," सासरेबुवांनी त्यांना खांदे दाबून खाली बसवलं. "पुढे ऐका. उजवीकडे वळ! आणि चौखूर!"

चौखूर! पंतांनी हा शब्द ऐकून वर्षं लोटली होती. त्यांच्या पोटात काहीतरी लहानपणचं जागं झालं. मनात आणलं असतं तर त्यांना न ऐकल्यासारखं करता आलं असतं, म्हातारे होतेच. पण त्यांनी मनात आणलं नाही. उजवीकडे रिंगणाचं फाटक होतं. रोज मास्तर ओरडून ते लावून घेत, आज ओरडायला तोंडच नव्हतं, त्यामुळे ते सताड उघडं राहिलं होतं. पंत त्यातून असे सुटले की डॉक्टरांची टोपी रिंगणातच राहिली.

"अगं आई गं!" एवढंच डॉक्टरांच्या तोंडून निघालं.

पंत मास्तरांच्या घराला वळसा घालून धावले. परसात मास्तरांच्या बायकोने धुणं वाळत घातलं होतं. पंत दोरीखालून गेले, डॉक्टर दोरीतून गेले. एक चादर, दोन उशांचे अभ्रे आणि मास्तरांचा पायजमा त्यांच्याबरोबर निघाला. "अहो, माझं धुणं!" घरातून आवाज आला. डॉक्टरांनी पंतांच्या गळ्याला मिठी मारली होती आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्यांना आता सासरे नको होते, कौतुक नको होतं, नुसती जमीन हवी होती. इतकं घट्ट पंतांना आजवर कुणी धरलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना थोडी दया आली, पण आज्ञा ती आज्ञा.

इकडे गोष्ट शेवटाला आली होती. "धुळीचे लोट! पाहुणे उठून उभे! सगळं पथक वळून थेट पाहुण्यांसमोर. आणि मग, थांब! सलामी!"

पंत तोवर घराला पूर्ण फेरी मारून खुर्च्यांपाशी पोचले होते. ते थांबले. पुढचा पाय दुमडून त्यांनी झकास सलामी दिली. डॉक्टर मानेवरून घसरगुंडीसारखे खाली आले आणि, कसे ते त्यांनाही कधी समजलं नाही, सासरेबुवांसमोर दोन्ही पायांवर उभे राहिले. चादर खांद्यावर अशी पडली होती की जणू कुणीतरी शालच पांघरली. पायजमा मात्र पंतांच्या कानाला लटकत होता.

सासरेबुवांनी मान वर केली. बघितलं. तोंड उघडं राहिलं.

"मी सांगत होतो ते... तुम्ही करून दाखवलंत?"

डॉक्टरांना धाप लागली होती. त्यांनी नुसती मान हलवली, आणि धापा टाकणाऱ्या माणसाची मान 'हो' म्हणतेय असंच वाटतं.

"शाब्बास, जावईबापू!" सासरेबुवांचा आवाज चक्क ओला झाला. "इतकी वर्षं मी तुम्हाला नुसता दातवाला समजत होतो. चुकलो."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर तोंडावर हात दाबून हसत होते आणि टाका दुखला की कळवळत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पंतांकडे बघितलं, मग वडिलांकडे. वर्गात एकाने प्रश्न विचारावा आणि भलत्याच बाकावरून उत्तर यावं, हे त्यांनी आजवर पुष्कळदा पकडलं होतं.

"बाबा," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आता तुम्ही एक फेरी मारून दाखवा ना."

"मी? छे! कपडे बघ. गुडघा बघ."

"सगळी हयात घोडदळात गेली तुमची. गुडघ्याचं काय घेऊन बसलात!"

"बसाच, बाबा," जावई भारावून म्हणाले. "मला शिकायला मिळेल."

नाही म्हणायला जागा उरली नाही. स्टुलावर चढून, मास्तरांच्या खांद्यावर हात टेकून सासरेबुवा खोगिरात बसले आणि त्या क्षणी पंतांना सगळं कळलं. तोंड काहीही सांगो, पाठीला खरं कळतं. या माणसाच्या मांड्या लटलट कापत होत्या. लगाम उलटा धरला होता. डॉक्टर पहिल्या दिवशी असेच बसले होते, पण डॉक्टर यांच्यापेक्षा बरे.

सासरेबुवा पुढे वाकले, जणू घोड्याला थोपटताहेत. पंतांच्या कानात अगदी बारीक आवाज आला. "बाबा रे, सांभाळ. मी घोडदळातच होतो, पण माझी ड्युटी भोंग्यावर होती. आज्ञा मी द्यायचो, बसायचे दुसरे."

एवढा गडगडाटी माणूस, पण आता त्याच्या तोंडून आज्ञेचा एक शब्द निघेना. निघाला तर काय होईल हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पंत वाट बघत उभे राहिले. बाई कुंपणाशी आल्या. त्यांनी वडिलांची पांढरी पडलेली बोटं बघितली, आणि त्यांच्या ओठांवर चौ... असं काहीतरी आलेलं पंतांना स्पष्ट दिसलं. पंतांनी पाय सरसावले. मग बाईंचा चेहरा मऊ झाला.

"चाल," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश."

पंत चालले, भरलेल्या कपाची बशी नेतात तसे. एक फेरी झाल्यावर बाई तितक्याच हळू "थांब" म्हणाल्या, आणि पंत थांबले.

"वा! काय संयम!" डॉक्टर टाळ्या पिटत म्हणाले. "खरा स्वार घोड्याला उगाच पळवत नाही, बघितलंस?"

"बघितलं," बाई म्हणाल्या.

मंडळी निघायच्या तयारीला लागली तेव्हा डॉक्टर एकटेच तबेल्यात आले. दारातल्या पाटीकडे त्यांनी क्षणभर बघितलं, मग खिशातून साखरेचा खडा काढला. "आजच्या दिवस हं. आणि नंतर चूळ भर," ते म्हणाले आणि लगबगीने गेले. पाठोपाठ सासरेबुवा आले, टोपी विसरल्याचं सांगून, टोपी डोक्यावर असताना. त्यांनी इकडेतिकडे बघत दोन खडे पंतांच्या ओठांशी धरले. "तुझ्यामाझ्यातच राहू दे."

पंतांनी शब्द दिला. मोडायची सोयच नव्हती.

आता सासरेबुवा दर रविवारी येतात. डॉक्टरांचा हट्टच असतो तसा. बाबा गोष्ट सांगत असले की स्वारी अंगात येते, असं ते सगळ्यांना सांगतात. सासऱ्यांच्या गोष्टींसाठी हट्ट धरणारा जावई मास्तरांनी तरी दुसरा बघितलेला नाही. आधी जावई बसतात, मग बाईंच्या आग्रहाखातर सासरे बसतात, आणि खोगिरात बसूनही त्यांना गोष्ट सांगावीच लागते. ते सांगतात. मैदान तेवढंच मोठं असतं, पाहुणे तेवढेच बडे असतात, आवाजही तसाच घुमतो. फक्त हल्ली त्या गोष्टींतलं सगळं घोडदळ, शत्रू समोर आला तरीसुद्धा, चालतच जातं.