हत्तीएवढी बालवाडी

एका जंगलात, बाळांनो, एक आकडा शिरला. वाघ शिरला असता तर परवडलं असतं. ए, नाकातलं बोट काढ आधी. मग ऐक.

आकडा आणला बगळ्याने. बगळा हा जंगलाचा शिक्षणप्रमुख. तो नदीपलीकडच्या जंगलात अभ्यासदौऱ्यावर गेला होता. तिथे त्याने पोटभर मासे खाल्ले आणि येताना एक तक्ता आणला. दोन्ही जंगलं विकसनशील, बरं का. म्हणजे दोन्हीकडच्या पायवाटा खणून ठेवलेल्या होत्या.

"महाराज, घात झाला," बगळा सिंहाला म्हणाला. "पलीकडचं पोर सरासरी तीन वर्षं बालवाडीत बसतं. आपलं जेमतेम तीन महिने!"

सिंहाचा चेहरा पडला. "म्हणजे आपण मागास?"

"तक्त्यात तरी तसंच दिसतंय."

"मग आजपासून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणी बालवाडी सोडायची नाही!" सिंह गरजला. झालं! राजा बोले, दळ हाले.

आता पलीकडच्या जंगलात राहत होते हत्ती. या जंगलात राहत होते ससे. पण ही गोष्ट तक्त्यात नव्हती, म्हणून ती कुणाच्या ध्यानात आली नाही.

आली फक्त चिमाबाईच्या. चिमाबाई ही एक साधी सशीण. तिची लेक भुरी बालवाडीत होती आणि तिचं पळायला शिकायचं वय झालं होतं. ससाच तो. पळता आलं नाही तर कोल्ह्याच्या पोटात जायचा. चिमाबाईच्या जिवाला घोर लागला. ती तडक बगळ्याकडे गेली.

"साहेब, हत्तीचं पोर तीन वर्षांचं झालं तरी आईचं दूध पितं. माझी भुरी तीन वर्षांत पणजी होईल, पणजी!"

"ताई, भावनिक होऊ नका." बगळ्याने पाय बदलला. "पोरंबाळं झाली तर त्यांनाही तिच्याच वर्गात बसवू. तेवढाच पट वाढेल."

"अहो, पण तिला पळायला कधी शिकवायचं?"

"पळणं पहिलीत आहे."

बसली बिचारी भुरी. बालवाडीच्या बाई होत्या कासव. त्यांना कसलीच घाई नव्हती. सकाळी आल्या की म्हणायच्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!" दुपारीही तेच. जो हलणार नाही त्याला शाबासकी. भुरीला रोज शाबासकी मिळायची. तिच्या मिशा लांब झाल्या, दप्तर पाठीला पुरेना, तरी ती आपली तोंडावर बोट ठेवून बसलेलीच होती.

आणि एक दिवस कोल्हा उगवला. दारातून बघतो तर काय! एका ओळीत बसलेले गुबगुबीत ससे. कुणी हलेना, कुणी ओरडेना. कासवबाईंनी पाहुणा पाहिला आणि मुकाट्याने कवचात गेल्या. कोल्ह्याला तर गहिवरूनच आलं. उभ्या जन्मात त्याला इतक्या शिस्तीत कुणी जेवण वाढलं नव्हतं.

चिमाबाई कुंपणापाशीच घुटमळत होती. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "भुरे, पळ गं!"

भुरी बोटाआडून म्हणाली, "सुट्टी कुठं झालीय, आई?"

आता काय करावं या पोरीला! कोल्ह्याने जिभल्या चाटत एक पाऊल आत टाकलं. तेवढ्यात चिमाबाईची नजर दारावरच्या घंटेवर गेली. तिने टुणकन उडी मारली आणि दोरीला लोंबकळली. टण टण टण टण!

अरे, काय सांगू! सुट्टी झाल्यावर पोरं थांबतात होय? तिथे कुणी शिकवावं लागत नाही. भुरी पुढे, वर्ग मागे आणि कोल्हा खाली. सगळी बालवाडी त्याच्या अंगावरून गेली.

चिमाबाईने लेकीला कवटाळलं. तिला रडूही आवरेना आणि हसूही.

संध्याकाळी दरबारातून बोलावणं आलं. चिमाबाईला वाटलं, शाल-नारळ मिळणार. ती भुरीला घेऊन, मिशा नीट करून गेली.

सिंह रागाने थरथरत होता. "अख्खा वर्ग शाळा सोडून पळाला! सरासरी पार रसातळाला गेली!"

"महाराज, कोल्ह्याने पोरं खाल्ली असती हो!"

"बाई," बगळा शांतपणे म्हणाला, "खाल्लेलं मूल शाळा सोडत नाही. त्याचं नाव पटावर राहतं. तीन वर्षं कशी आरामात भरतात."

चिमाबाईने भुरीचा पंजा घट्ट धरला आणि भर दरबारातून दोघी अशा पळत सुटल्या, की पुन्हा त्या जंगलात कुणाला दिसल्या नाहीत.

तात्पर्य : मुलाचा जीव वाचवण्याआधी त्यामुळे सरासरी किती घसरेल, हे बगळ्याला विचारून घ्यावं. आणि चांगल्या आईने घंटेला हात लावू नये.