सोनमाशास आग्रह जाहला त्याची हकीकत

श्रीजलाधिपती प्रसन्न. ज्याचे पोट भरले असेल त्याने ऐकावे, ज्याचे रिते असेल त्याने आधी दोन घास खावोन यावे. शके सतराशे चौऱ्याण्णव, अंगिरा नाम संवत्सरी, पौष मासी, एका राज्यी, ज्याचे नाव घेतल्याने कोणाचेच भले होणार नाही, ऐसे वर्तमान जाहले जे, महाराजांनी राजधानी नदीपार नव्या शहरी नेली. आणि दरबार गेला, आणि हत्ती गेले, आणि मुदपाकखान्यातील मोठमोठे हंडे उंटांवर लादोन गेले, आणि मागे बागमहालात राहिल्या त्या महाराजांच्या मातोश्री हौसाबाईसाहेब आणि त्यांची म्हातारी दासी तानी. हौसाबाईसाहेबांच्या हातची पंगत म्हणजे मुलखात डंका. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरावा, आणि बाईसाहेबांनी बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी. आता वाढावे तरी कोणास? मातोश्रींस एकटे वाटो नये म्हणोन महाराजांनी स्वतः येण्याचे ऐवजी काचेचे घंगाळ आणि त्यात एक सोनमासा ऐसा नजराणा पाठविला. वाहवा रे लेक! परंतु बाईसाहेबांनी राग गिळला, आणि माशास ‘पाहुणे’ म्हणो लागल्या.

माशाबरोबर खाण्याची डबी आली होती ती सरली. मग नव्या शहरी स्वार धाडिला, तो उत्तर घेवोन आला की, मातोश्रींची गोष्ट ध्यानात आहे. ध्यानात असोन पाहुण्यांचे पोट भरते काय? तेव्हा बाईसाहेबांनी पदर खोचिला आणि स्वयंपाकघरात शिरल्या. मासा आणणाऱ्या सौदागराने जातेवेळी कृती सांगितली होती, ती स्मरोन त्यांनी मटार उकडिले, एकेका दाण्याची साल काढिली, पालक वाफविला, जवळा भाजोन कुटिला, लसणाची एक पाकळी घातली, आणि सारे बारीक वाटोन चायनाग्रासाच्या पाण्यात शिजविले, आणि थाळीत ओतोन थिजविले, मग वड्या पाडिल्या. वडीवर तूप वाढणार, तोच तानी ओरडली, “बाईसाहेब, अगं बया! तवंग येईल पाण्यावर!” बाईसाहेब बोलिल्या, “तुपावाचून कसलं गं वाढणं? पाहुणे काय म्हणतील?” शेवटी तूप राहिले, पण मन खट्टू जाहले. वडीचा मोहरीएवढा कण पाण्यात सोडिला, आणि पाहुणे वर आले, आणि गटकन गिळोन काचेशी तोंड उघडीत उभे राहिले.

येथेच घात जाहला. मासा तोंड उघडतो तो सदाच उघडतो, ती त्याची जातच. परंतु बाईसाहेबांस वाटले, पाहुणे भिडस्त आहेत, मागत नाहीत. मग सकाळी वाढिले, दुपारी वाढिले, उन्हे कलताना फराळ म्हणोन वाढिले, आणि दर खेपेस “एवढं घ्याच, माझी शपथ आहे” ऐसा आग्रह चालविला. कैक महिन्यांनी कोणी त्यांच्या हातचे खात होते, हो! त्यांस भान कोठले? पाहुण्यांचे पोट टम्म फुगले, आणि एके सकाळी पाहुणे उलटे होवोन, पोट आभाळाकडे करोन तरंगो लागले. बाईसाहेबांनी टाहो फोडिला, “तानी, माझे पाहुणे गेले गं!”

कल्ले हलत होते, म्हणोन बागेपलीकडले विसोपंत वैद्य बोलाविले. त्यांनी घंगाळात पाहिले, थाळीतील उरल्या वड्या पाहिल्या, आणि बोलिले, “मातोश्री, यास रोग नाही. यास आग्रह झाला आहे. आपल्या पंगतीस माणूस हात आडवा धरतो. यानं काय धरावं? आता सरळ पोहेपर्यंत लंघन. कणसुद्धा नको.”

बाईसाहेब खाली मान घालोन बसल्या. त्या राजघराण्याचा रिवाज ऐसा की, पाहुणे जेवल्यावाचोन यजमानीण जेवत नाही. सबब पाहुण्यांचे लंघन ते बाईसाहेबांचे लंघन जाहले. तानी ताट आणी आणि तैसेच परत नेई. चाकराने धनिणीस आग्रह करणे हेही रिवाजात बसत नव्हते, म्हणोन तानीने तोंडाशी आलेले शब्द गिळावे आणि चुलीशी जावोन डोळे पुसावे. बाईसाहेब घंगाळापाशी बसोन पुटपुटत, “तुम्हीही जाऊ नका. मी मेली वेडी, मला थांबताच येत नाही.”

पुढे पाहुणे कलते जाहले, मग आडवे, आणि एके दिवशी उन्हे वर आल्यावर सरळ पोहो लागले. बाईसाहेबांनी सोललेल्या मटाराचा एक कण सोडिला. पाहुण्यांनी तो खाल्ला आणि काचेशी येवोन तोंड उघडिले. दुसरा कण चिमटीत तयार होता. मग बाईसाहेबांनी दुसरा हात उचलोन घंगाळाच्या तोंडावर आडवा धरिला, आणि पाहुण्यांच्या वतीने आपणच बोलिल्या, “पुरे. खरंच पुरे.” आणि कण थाळीत परत ठेविला.

मग तानीने पान मांडिले. वरणभात, वांग्याची भाजी, बाजूस लिंबाची फोड. बाईसाहेबांनी चार घास खाल्ले, आणि कोण जाणे कोणत्या जुन्या सवयीने, ताटावर हात आडवा धरिला. समोर वाढणारे कोणी नव्हते. हात तैसाच राहिला. तानीने दारातून ते पाहिले, आणि रिवाज गेला खड्ड्यात म्हणोन भाताचे पातेले घेवोन आली, आणि भरला डाव त्यांच्या आडव्या हातावर अधांतरी धरोन बोलिली, “बाईसाहेब, एवढं घ्याच. माझी शपथ आहे.”

बाईसाहेबांनी हात काढोन घेतला.

येणेप्रमाणे राज्याची हकीकत. मासा वाचला, रिवाज मोडला, महाराज आले नाहीत. लेखनसीमा.