गट नंबर एकशे बाराची विनंती बदली

हिवरदऱ्यातल्या गट नंबर एकशे बाराच्या मातीने सोमवारी सकाळी मृदा आस्थापना कचेरीत हजर राहून समुद्रकिनारी बदली मिळावी असा अर्ज दिला. अर्ज नियमात होता. ज्या जमिनीच्या नोंदवहीत 'उपयोग' हा रकाना सलग एक वर्ष कोरा राहतो, तिला विनंती बदलीचा हक्क असतो, आणि एकशे बाराचा रकाना मागल्या आश्विनापासून कोरा होता.

तीन एकर माती एका वेळी कचेरीत मावत नाही, म्हणून प्रथेप्रमाणे दोन गोणी माती प्रतिनिधी म्हणून आली होती. ती दुधाच्या टेम्पोने आली, पायरीवर अंग झटकलं आणि आवक-जावकच्या टेबलावरून पोच घेऊन दुपारच्या आत परत शेतात गेली.

जमिनीचा मालक सावळेराम खेमनर याला नोटीस मंगळवारी मिळाली. ती त्याने तीन वेळा वाचली. हरकत असल्यास गुरुवारी अकरा वाजता मांडावी, नसल्यास माती शनिवारी उचलली जाईल, असं तिच्यात लिहिलं होतं. माती उचलली की मागे मुरमाचा तीन एकर खड्डा उरणार होता. बायको हौसाबाई गेल्यावर तिची लुगडी तिच्या बहिणींनी नेली, भांडी लेकीने नेली. हौसाबाईने सव्वीस वर्षं हाताखाली घालून माणसात आणलेली एवढी मातीच काय ती त्याच्याकडे राहिली होती. त्याने नोटीस घडी करून टोपीत ठेवली आणि रोजच्यासारखा बांधावर जाऊन बसला. माती त्याच्याशी बोलली नाही. तोही बोलला नाही. हिवरदऱ्यात ढग येतात ते डोंगरावरून पुढे निघून जातात, गार वारा तेवढा खाली उतरतो. तो वारा दोघांच्या मधून जात राहिला.

गुरुवारी सुनावणी झाली. अधिकारी औटी मॅडम होत्या आणि नोंदवही घुले भाऊसाहेबांकडे होती. मातीच्या दोन्ही गोण्या पुन्हा येऊन खुर्च्यांवर बसल्या होत्या.

"आधी गुणधर्म वाचा," मॅडम म्हणाल्या.

घुल्यांनी वाचलं. "रंग फिकट राखाडी. पोत वाळूसर. सामू आठ पूर्णांक सहा, म्हणजे अल्कधर्मी. चुनखडी भरपूर. पाणी दिलं तर थांबत नाही. जस्त अंगी लागत नाही. थंडीत अंगावर पांढरी खपली धरते."

"फटकळ असं लिहा," माती म्हणाली. तिचा आवाज किरकिरा होता. "अल्कधर्मी म्हटलं की लोकांना वाटतं काही आजार आहे."

"नोंद घेतली," मॅडम म्हणाल्या. "समुद्रकिनाऱ्याला शंभर टक्के वाळू लागते. तुझ्यात अठ्ठ्याहत्तर आहे."

"उरलेल्या बावीसचं मी बघेन."

"तिथे तुला चिखल म्हणतील," घुले म्हणाले.

"म्हणू देत. इथे कोणी काहीच म्हणत नाही."

सावळेरामने टोपी नीट केली. हरकतदाराने स्वतः केलेले मातीचे तीन उपयोग सांगायचे आणि मातीने त्यातला एक तरी कबूल करायचा, असा नियम होता. त्याने बसस्टँडवर बसून तीन उपयोग पाठ केले होते.

"पयला, लसूण," तो म्हणाला. "कोरडी थंडी आन् अशी जमीन, त्यामुळं आमचा लसूण वर्षभर टिकतो. पाकळी कशी, घट्ट."

"लसूण बाईंनी लावला," माती म्हणाली. "बाईंनी खुरपला. तुम्ही फक्त बाजारात नेलात."

"नेला तर पाहिजे ना कुणीतरी?"

"ते टेम्पोही करतो."

घुले हसले आणि त्यांनी लगेच खोकल्यासारखं केलं. मॅडमनी 'अमान्य' लिहिलं.

"दुसरा, गाजर. सरळसोट येतं. वर काळ्या रानातली गाजरं बघा, दोन-दोन पाय फुटत्यात. आमची शाळेतल्या पट्टीवानी."

"सरळ आलं ते माझ्यात दगड नाहीत म्हणून. त्यात तुमचं काय?"

"दगड मी वेचलं!"

"लग्नाच्या वर्षी. पंधरा दिवस. नंतर पाठ धरली म्हणून झोपून होतात. बाकीचे बाईंनी वेचले."

हे खरं होतं. सावळेरामला पाठीचं ते दुखणं आठवलं आणि ते पुरतं खरं नव्हतं हेही आठवलं. मॅडमनी दुसऱ्यांदा 'अमान्य' लिहिलं.

"एकच राहिला, खेमनर. विचार करून सांगा."

पाठ केलेला तिसरा उपयोग लसूणघासाच्या चाऱ्याचा होता. पण घासही हौसाबाईच कापायची, हे त्याला आता दिसलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात कचेरीचा चहाचा स्टोव्ह होता आणि घुल्यांच्या टेबलावर कागदाच्या पुडीत कच्चे शेंगदाणे होते.

"भाजायला," तो म्हणाला. "आमची माती चाळून कढईत तापवली का शेंगदाणा एकसारखा भाजतो. करपत न्हाई. हे काम आमच्यात मीच करायचो. तिला धूर सोसत न्हवता."

हे मातीला नाकारता येत नव्हतं.

"प्रात्यक्षिक घ्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोंडी पुरावा तिसऱ्या उपयोगाला चालत नाही."

स्टोव्ह पेटवला गेला. शेजारच्या खानावळीतून कढई आणि चाळणी आली. मातीने स्वतःहून दोन ओंजळी काढून दिल्या. सावळेरामने त्या चाळल्या, कढईत टाकल्या, वर घुल्यांचे शेंगदाणे घातले आणि तो झारा फिरवू लागला. पहिलं मिनिट काही झालं नाही. मग कढईतून बारीक खुसखुस ऐकू आली.

"काय होतंय?" घुल्यांनी विचारलं.

"गुदगुल्या," माती म्हणाली. "अहो मालक, हळू! त्या बाजूला नको!"

हिवरदऱ्यात जन्म काढलेल्या मातीला ऊब कढईतच काय ती मिळते. वर्षभर तर अजिबातच लागली नव्हती. दोन ओंजळी हसू लागल्या तशा खुर्च्यांवरच्या गोण्याही हसू लागल्या. शेंगदाणे कढईत टणाटण उडायला लागले. एक घुल्यांच्या खिशात गेला, एक मॅडमच्या चष्म्यावर आपटला. मॅडमनी तो उचलून तोंडात टाकला, "खमंग आहे," असं नोंदवलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना. अकरा किलोमीटरवर शेतात उरलेली तीन एकर मातीही त्याच वेळी हसत होती, असं शेजारच्या काळ्या जमिनीने पुढे लेखी कळवलं. सावळेराम झारा फिरवत हसत होता. त्याचं पोट दुखायला लागलं, तरी झारा थांबेना.

"हे बाईंना सांगायला पाहिजे," माती धापा टाकत म्हणाली. "आता भेटतीलच म्हणा. म्हणून तर चाललेय."

"कुठं?" सावळेरामने विचारलं.

"समुद्रावर. बाई खुरपताना म्हणायच्या ना, एकदा समुद्र बघायचाय. वर्ष झालं, शेतात आल्या नाहीत. म्हणजे तिकडेच गेल्या असणार. नाहीतर बाई अशा न येणाऱ्या होत्या का?"

झारा थांबला. घुल्यांनी स्टोव्ह बंद केला.

"ती वारली," सावळेराम म्हणाला. "मागल्या आश्विनात. पंचमीला."

गोणीच्या शिवणीतून थोडी माती खाली फरशीवर सांडली.

"मला कळवलं नाही कोणी," माती म्हणाली.

"मला वाटलं, तुला ठावं हाये. घरात वर्षभर सण केला न्हाई, गोडधोड केलं न्हाई. म्हटलं, शेतानं तरी कसं हिरवं व्हावं? दुखवटा तो सगळ्यांचाच. म्हणून पेरलं न्हाई."

"मला वाटलं, निलंबित केलंय. आणि तुम्ही रोज येऊन बांधावर बसायचात ते?"

"भेटाय आलेली माणसं बसत्यात तसा."

"मी समजले, पाळत ठेवताय. निलंबित मातीवर पाळत असते."

"पाळत कुठली? मला दुसरं बसाय कुठं हाये?"

घुल्यांनी घसा साफ केला. "मॅडम, दुखवटा असेल तर ही दुखवट्याची रजा झाली. रजेत रकाना कोरा राहिलेला चालतो. मग बदलीचा हक्कच येत नाही."

मॅडमनी नियम काढून पाहिला. "जवळच्या नातलगासाठी आहे ही रजा. मयताशी मातीचं नातं काय?"

सावळेरामला नातं सुचेना. लेक म्हणावं तर माती त्याच्या पणजोबाच्या वयाची होती.

"हातची," माती म्हणाली.

"हे यादीत नाही," घुले म्हणाले.

"यादीत घाला," मॅडम म्हणाल्या.

तसा आदेश झाला. वर्षाची रजा मागील तारखेने मंजूर झाली. आणि दुखवट्याच्या रजेनंतर रजा प्रवास सवलत देय असते, म्हणून समुद्रापर्यंत जाऊन यायची परवानगीही मिळाली. मात्र मॅडमनी शेवटी एक ओळ लिहिली: प्रवास संपताना माती जिथे असेल, तिथे राहायचं की परतायचं हे तिने स्वतः ठरवावं. ती ओळ सावळेरामने पुन्हा एकदा वाचली आणि सही केली.

शुक्रवारच्या एसटीत तो दोन गोण्या घेऊन चढला.

"गोणीत काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"माती."

"कामाला निघाली का फिरायला?"

"फिराय."

"मग टपावर कशाला टाकता? खिडकीपाशी बसवा की. काच लावून घ्या, वाळूसर दिसतेय, उडेल."

माती वाटभर बोलत होती. घाटात तिने डोळे मिटून घेतले, चिपळूणच्या लाल मातीला तिने "काय गं, एवढी ओली?" असं विचारलं आणि त्यावरून दोघींचं भांडण होता होता राहिलं. सावळेराम मधेच हसायचा आणि मग टोपी नीट करायचा.

समुद्रावर ते सकाळी पोचले. सावळेरामने गोण्यांची तोंडं सोडली आणि जरा लांब जाऊन बसला, आपला भार पडू नये म्हणून. मातीने समुद्र पाहिला. तिला किनाऱ्याच्या वाळूने जागा करून दिली, विचारपूस केली. चिखल कोणी म्हटलं नाही. पोरं येऊन किल्ले करत होती, माणसं पाय भिजवत होती. सावळेराम त्या बाजूला पाहत नव्हता. तो चपलेची वादी पुन्हा पुन्हा नीट करत होता.

तासाभराने मातीने हाक मारली.

"मालक, एवढं पाणी आहे, आणि इथे कोणी काही लावत कसं नाही?"

"खारं हाये ते."

"मग हे दिवसभर करतात काय?"

"काय न्हाई. नुसतं पडून राहत्यात."

माती थोडा वेळ पाहत राहिली. "बाईंना दोन दिवसांत कंटाळा आला असता," ती म्हणाली. "गोणी बांधा. लसणाचे दिवस चाललेत."

सोमवारी सात वाजता दोघेही गट नंबर एकशे बारामध्ये हजर झाले. सावळेरामने पहिला वाफा ओढला. तो वाकडा आला. मातीने तसं सांगितलं, आणि त्याने तो मोडून पुन्हा ओढला.