सोपानतात्यांची इस्त्री

लोक दुकानात शिरले की भाव विचारतात. सोपानतात्या विचारायचे, "प्लग कुठं हाय?" आणि पिशवीतून इस्त्री काढायचे.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर भावकीशी भांडतात. तात्या प्लास्टिकच्या मागे लागले. सणसरहून एसटीनं बारामतीला उतरले की थेट माझ्या दारात. कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली होतो. निवृत्तीनंतरही ती व्यवस्था चालू राहील, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"कापडावर लिवायचं, वर आरपार दिसनारं प्लास्टिक ठिवायचं, इस्त्री फिरवायची. धुतलं तरी अक्षर जाता कामा न्हाय. आन् लांबनं कुनाला दिसताबी कामा न्हाय."

"दिसायचं नाही, तर लिहायचं कशाला?"

"तू लय शाना हायेस. पिशवी धर."

पुस्तकांना घालायचं प्लास्टिक इस्त्रीलाच चिकटलं. तेव्हा घरोघरी रंगीत टीव्ही आले होते, त्यांच्या कव्हरच्या प्लास्टिकनं दुकानभर धूर केला. लग्नाच्या अल्बमातलं तर कापडासकट जळालं. दर वेळी तात्या दुकानदाराकडे असं बघायचे, जणू आग त्यानंच लावली. "माल बोगस हाय तुमचा!" हे वर. एकानं तर आम्हाला लांबून पाहूनच हात जोडले, "लाइट न्हाय ओ तात्या!" त्याच्या डोक्यावर पंखा गरगरत होता.

आमच्या मुलीला स्थळं बघायचे ते दिवस. आणि मी गावभर इस्त्रीवाल्याचा माणूस म्हणून नावारूपाला आलो होतो. म्हातारा काहीतरी धंदा काढतोय, अशी माझ्या बायकोची खात्री झाली होती.

शेवटी कबड्डीच्या बनियनांवर नंबर छापणारा एक पोरगेला माणूस भेटला. त्याच्याकडे मुंबईहून आणलेलं पातळ, काचेसारखं प्लास्टिक होतं. "थेट इस्त्री नका लावू तात्या, मधी कागद ठिवा," तो म्हणाला. एवढं साधं आम्हा दोघांना कधी सुचलं नव्हतं.

कापड गार झाल्यावर तात्यांनी ते बादलीत बुचकळलं, साबण लावून दगडावर घासलं. अक्षर जागच्या जागी. आता हे मिरवणूक काढतात की काय, असं मला वाटलं. तात्या स्टुलावर बसले आणि त्यांनी पिशवीतून काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, लुगडी काढली.

"इसरती ती आताशा. मागं शेळगावच्या रस्त्याला गावली. लोकांनी नाव इचारलं, तर म्हायेरचं सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी म्हायेराला न्हेऊन सोडली. तितं आता कोन ऱ्हायलंय तिचं?"

"मग पदराला नावाची पट्टी शिवायची की."

"शिवलेलं उसवती. आन् चारचौघांत पाटी लावून हिंडवू व्हय तिला?"

तात्या प्रत्येक पदराच्या आतल्या बाजूला लिहीत होते: तिचं नाव, त्यांचं नाव, गाव. खाली, 'रागावू नका. चहा द्या. मी न्ह्यायला येतो.'

लुगडी झाली. मग तात्यांनी अंगातला सदरा उतरवला आणि नुसत्या बंडीवर बसून खिशाच्या आतल्या बाजूला लिहायला लागले.

"तुम्ही कुठं हरवताय आता?" मी उसनं हसत विचारलं.

त्यांनी सदरा माझ्यापुढे सरकवला. "तू फिरव इस्त्री."

मी कागद ठेवायला वाकलो आणि वाचलं: 'मला वाटेत काय झालं तर आदी सणसरला घरी जावा. दाराला भायेरनं कडी हाय. आत ती एकटी हाय.'