साळूबाईंची गाडी आणि बारा बाक

एका जंगलात सगळं ठीक चाललं होतं. म्हणून, बालमित्रांनो, तिथे सुधारणा करायचं ठरलं.

त्या जंगलात ओढ्याकाठी साळूबाई नावाच्या साळिंदराची थालीपिठांची गाडी होती. तवा तापला की वास पार टेकडीपर्यंत जायचा. सगळे प्राणी उभ्याउभ्याच खायचे.

"साळूबाई, हे शेवटचं हं," अस्वल तिसऱ्या थालीपिठाला म्हणायचं.

"पहिल्यालाही हेच म्हणालात, भाऊ," साळूबाई म्हणायच्या आणि चौथं थापायला घ्यायच्या.

एक दिवस वनसुधारणा खात्याचे मुंगूससाहेब फॉर्म घेऊन आले. गाडीपाशी एक भेकर उभं होतं. ते भारी लाजाळू. त्याला आजवर कुणी मत विचारलंच नव्हतं.

"या परिसरात काय कमी आहे?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही, साहेब."

"असं कसं? रकाना रिकामा सोडता येत नाही."

भेकराने खूप विचार केला. "मग... बसायला जागा नाही, असं लिहा."

"का रे, पाय दुखले वाटतं?" अस्वल हसलं. भेकर लाजलं. पण आतून त्याला फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी साहेब नकाशा घेऊन आले.

"साळूबाई, गाडी हलवा. इथे बाक बसवायचे आहेत."

"कुणासाठी?"

"तुमच्याच गिऱ्हाइकांसाठी."

"अहो, मग मी कुठे उभी राहू?"

"त्याबद्दल फॉर्ममध्ये कुणी काही लिहिलेलं नाही."

भेकर पुढे आलं. "साहेब, मला माझं मत परत द्या."

"मंजूर झालेलं मत परत मिळत नाही," साहेब म्हणाले. "उलट अभिनंदन! उद्घाटन तुमच्याच हस्ते आहे."

साळूबाईंनी तवा उचलला. "तुझा काही दोष नाही रे, बाळा," त्या म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी भेकराकडे पाहिलं नाही. मग त्या गेल्या. कुठे गेल्या, ते कुणी विचारलं नाही. त्यासाठी फॉर्म नव्हता.

आता ओढ्याकाठी बारा बाक आहेत. प्रत्येकावर सिंहमहाराजांचं नाव आहे. तिथे बसायला कुणीच येत नाही. भेकरसुद्धा नाही.

मुंगूससाहेबांनी अहवालात लिहिलं, 'परिसरातील गर्दीचा प्रश्नही सुटला.'

तात्पर्य, बालमित्रांनो : नागरिकांनी आपलं मत जरूर कळवावं. नाहीतर चांगलं चाललेलं नेमकं कुठे आहे, हे खात्याला सापडणार कसं?